पुढे चालणारी गाय

ही गोष्ट फार फार पूर्वीची. लहानपणी ती मी मावशीकडून ऐकली आणि पुढे कितीतरी मुलांना सांगितली. तरीही ती मला बरोबर आठवते, अशी खात्री देववत नाही. गाय तांबडी होती, एवढं मात्र नक्की.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारा गुराखी राहत होता. तिथली रीत अशी, की प्रत्येक गाईची हाळी वेगळी. वासरू असताना जी हाळी तिला दिली, तिलाच ती जन्मभर ओळखायची.

गुराख्याची तांबडी गाय शहाणी. संध्याकाळी कळपाच्या पुढे चालत ती आपणहून घरी येई. तिला हाळी देण्याची कधी वेळच येत नसे. त्या वर्षी पाच नव्या कालवडी आल्या, भारी उनाड. गुराखी दिवसभर त्यांच्याच हाळ्या देत हिंडे.

एके संध्याकाळी धुकं उतरलं. कळप आला, तांबडी आली नाही. गोठ्यात तिचं चार दिवसांचं वासरू हंबरत होतं, आणि रानात वाघ होता.

गुराख्याने बांधावरून हाळी दिली. एक कालवड धावत आली. पुन्हा दिली, तर दुसरी आली. थोड्या वेळात पाचही जणी त्याच्याभोवती उभ्या.

"तांबडीची हाळी कशी होती गं?" तो रडवेला होऊन बायकोला म्हणाला.

"मला काय विचारता? माझी तरी हाक कुठे लक्षात आहे तुमच्या?" मग तिचा आवाज मऊ झाला. "आता ओरडू नका. जितकं ओरडाल, तितक्या ह्याच येतील. आत चला."

तिने त्याला वासराजवळ बसवलं. वासरू त्याचा तळवा चाटू लागलं. आईवेगळ्या तांबडीला त्याने याच तळव्यावरून पेज पाजली होती. तो नुसता बसून राहिला. हळूच ती हाळी ओठांवर आली, शेवटचा सूर लांबवलेली.

त्याने बांधावर जाऊन ती दिली. दरीतून हंबरणं आलं, आणि धुक्यातून तांबडी.

त्या दिवसापासून तांबडी शेजारी उभी असली, तरी तो रोज पहिली हाळी तिला देई. मग चुलीकडे वळून आणखी एक हाक मारी.

"इथंच आहे मी," आतून उत्तर येई.

रोजच्या हाकांखाली जुनी हाक दबते, म्हणून जवळच्यांनाही अधूनमधून हाक मारावी.

पुष्कळ वर्षांनी मावशीला विचारून घेतलं. गाय काळी होती.