खालच्या अंगाचं पाणी

एका नदीकाठच्या गावात सुभानजी नावाचा कोळशाचा व्यापारी राहत होता. त्याच्या वीस भट्ट्या होत्या. आसपासच्या बारा गावांतल्या चुली आणि लोहारांचे भाते त्याच्याच कोळशावर चालत. माणूस कष्टाळू होता, गडीमाणसांना जीव लावणारा होता. फक्त भट्टीतली राख आणि भुकटी कुठे टाकायची, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. नदी शेजारीच होती. तिच्यात लोटली की काम झालं!

खालच्या गावांत मासे मरू लागले. गुरं पाण्याला तोंड लावीनात. लोकांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं. राजाने हुकूम काढला, “भट्टीची राख नदीत टाकायची नाही. टाकेल त्याची भट्टी बंद.” दर पौर्णिमेला अंमलदार पाहणीला येऊ लागला.

सुभानजी घाबरला. त्याने एक खड्डा खणून घेतला. पौर्णिमा जवळ आली की गडी काठ झाडून लख्ख करीत आणि चार पाट्या राख खड्ड्यात पसरीत. अंमलदार बघून जाई. दुसऱ्या दिवसापासून राख पुन्हा नदीत. सुभानजीला मनातून बरं वाटत नसे. पण ‘पाहणी पार पडली ना,’ असं म्हणून तो स्वतःची समजूत घाली.

पुढे त्रिंबकपंत नावाचे नवे अंमलदार आले. ते पौर्णिमेची वाट न बघता एका मंगळवारी दुपारी येऊन उभे राहिले. काळं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर वाहत होतं.

सुभानजीने हात जोडले. “पंत, भट्ट्या बंद करू नका. चाळीस घरं यावर जगतात.”

“नाही करत,” पंत म्हणाले. “पण उद्यापासून भट्टीवरचं पाणी वरच्या अंगाने भरायचं नाही, खालच्या अंगाने, राख वाहते तिथून भरायचं. पिण्याचंसुद्धा.”

दुसऱ्या दिवशी भट्टीवरच्या हौसाबाईने तांब्या तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“काय झालं, हौसाबाई?” सुभानजीने विचारलं.

“काही नाही, धनी. कामावरच्या पोरींना सांगते, आज तहान मारा.”

सुभानजीने तोच तांब्या उचलून घोट घेतला. दाताखाली कचकच आली. गिळवेना, आणि तिच्यादेखत थुंकवेना.

त्याच दिवशी त्याने खोल खड्डे खणायला घेतले. काठाला बांध घातला. राख शेतकरी नेऊ लागले. भुकटीत शेण कालवून बायका शेगडीसाठी गोळे वळू लागल्या. दोन पावसाळे गेले, तेव्हा कुठे नदीच्या तळाचे गोटे दिसायला लागले. भट्टीवरचं पाणी मात्र खालच्या अंगानेच भरलं जाई.

काही वर्षांनी गादीवर नवा राजा आला. त्याने जुने हुकूम रद्द केले. मुकादम येसू धावत आला. “धनी, हुकूम उठला! आता राख वाहायची दगदग नको.”

“हुकूम उठला, येसू,” सुभानजी म्हणाला, “पण तहान उठली का?”

येसूने मान खाली घातली, राखेची पाटी डोक्यावर घेतली आणि खड्ड्याकडे चालू लागला.

तात्पर्य: नुसत्या धाकाने पाळलेला नियम पाहणीपुरताच टिकतो, पण आपल्या करणीची चव आपल्यालाच घ्यायला लावणारा नियम माणसाची सवय बदलतो, आणि पहारा उठला तरी ती सवय उठत नाही.