खुराडेवाडीतली मायावी

कोंबड्यांची स्वतःची गावं होती, त्या काळी खुराडेवाडीत झिपरी नावाची एक तरणी कोंबडी राहायची. खरं तर ती मायावी होती, हवं ते रूप घेई. पण वाडीतल्या सुसंस्कृत मंडळींना मायावी जात खपत नसे, म्हणून ती मुकाट्याने दाणे टिपायची.

एकदा वाडीत रानमांजर शिरलं. पिल्लांचा आक्रोश ऐकून झिपरीला राहवेना. कुत्रा होऊन तिने मांजराला पिटाळलं आणि सर्वांदेखत ती पुन्हा कोंबडी झाली.

सरपंच तुरेराव खुराड्यातून बाहेर येत कडाडले, "मायावी! आत्ताच्या आत्ता वाडी सोड!"

"आणि मांजर परत आलं तर?"

तुरेरावांनी मोठ्या मनाने विचार केला. "बरं, राहा. पण कुंपणाबाहेर, कुत्रा होऊन."

झिपरी घार झाली आणि उडून गेली.

संध्याकाळी सभेत एकमताने ठरलं, की मायावी जात मुळातच कृतघ्न असते.