जत्रा जिंकलेली पुंगी

“मंग चुकते कुठं, बाबा? पुंगीत, का माझ्या फुंकरीत?”

पुंग्या घडवणारे म्हातारे डोमाबुवा तलावाच्या पाळीवर बसून बोरूची काडी तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाजव,” ते म्हणाले.

पुनाजीनं कमरेची पुंगी काढली. शिसवाची पुंगी, तोंडाला पितळेचं कडं. छाती भरून घेतली अन् वाजवली.

काय वाजवली म्हणून सांगावं! डोळे मिटून ऐकणाऱ्यानं शपथ घेऊन सांगितलं असतं, की ही रानबदकंच बोलताहेत, एक नाही, सारा थवा. पाळीखालच्या अंगणात कोणाची तरी पाळलेली बदकं चरत होती. ती एकदम माना ताणून उभी राहिली, अन् पंख फडफडवत घराच्या आडोशाला पळाली.

पुनाजी हसला. “पाहिलं, बाबा? घरची बदकंही फसली.”

“हं. पळाली कुठं?”

“घरात घुसली.”

“हं…”

काडी तासणं चालूच.

“जत्रेत मले फेटा बांधला याच हाकेसाठी,” पुनाजी म्हणाला. “लोक म्हनतात, पुनाजी कोनता अन् बदक कोनतं, वळखू येत नाही.”

“लोक म्हनतात?”

“होय जी.”

“अन् बदकं काय म्हनतात?”

पुनाजीचं तोंड उतरलं. तेच तर सांगायला तो आला होता.

शिकारीला बंदी यायच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. थंडी पडली की उत्तरेकडून रानबदकं त्या तलावावर उतरायची, अन् शिवरात्रीच्या सुमाराला परत जायची. तलावातल्या लव्हाळ्यात ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, एकेका घराची एकेक जागा खुंटी ठोकून ठरलेली. तिला थारा म्हणत. थाऱ्यापुढं पाण्याखाली जाळं पसरून ठेवायचं, दोरी हातात धरून लव्हाळ्यात बसायचं, पुंगीनं थवा उतरवायचा अन् दोरी ओढायची. ज्या थाऱ्यात दोन हिवाळे थवा उतरला नाही, त्या घराची खुंटी उपटायची अन् दुसऱ्याची ठोकायची. असा रिवाज. तिथं रडून-भेकून चालत नसे.

पुनाजीच्या थाऱ्यातली खुंटी त्याच्या बापानं ठोकलेली. बाप गेला. पहिला हिवाळा कोरडा गेला. हा दुसरा, अन् शिवरात्र तोंडावर आली होती. थवे यायचे, पुनाजीच्या डोक्यावर घिरटी घ्यायचे, उतरू-उतरू करायचे… अन् झटक्यात वळून जायचे. शेजारच्या थाऱ्यातल्या सुकरामनं तर बाभळीची नवी खुंटी तासूनही ठेवली होती, अन् ती खांद्यावर टाकून तो गावभर हिंडायचा.

“काय गा पुनाजी,” तो हाळी द्यायचा, “तुझी पुंगी गाजराची तं नाही? वाजली तं वाजली, नाही तं मोडून खाल्ली!”

घरात माय रोज बापाचं जाळं उन्हात घालायची, रोज घडी करून ठेवायची. एका शब्दानं विचारायची नाही. ते न विचारणंच पुनाजीला जास्त झोंबायचं.

“पुंगीच खराब असंल,” तो डोमाबुवांना म्हणाला. “तुमच्या हातची एक द्या.”

डोमाबुवांनी टोपली पुढं ओतली. एक शिंगाची, एक बांबूची, एक चिंचेच्या लाकडाची. अन् एक बोरूची, करंगळीएवढी, ताडाच्या पानाची जीभ लावलेली.

पुनाजीनं एकेक वाजवून पाहिली. बोरूची ओठाला लावली तर नुसती कुरकुर झाली.

“ही पुंगी हाये का म्हाताऱ्याचा खोकला?” तो म्हणाला अन् बाजूला ठेवली. शिंगाची उचलली. तिचा आवाज थेट पलीकडच्या टेकडीवर आदळून परत आला. “ही घेतो.”

“सगळ्यात मोठ्यानं वाजते ती घेतली.”

“तलाव मोठा हाये, बाबा.”

“तलाव मोठा हाये… बदकाचे कान केवढे?”

पुनाजीला वाटलं, म्हातारा थट्टा करतो. तो पुंगी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी परत आला. शिंगाची पुंगी टोपलीत ठेवली.

“काय झालं गा?”

“बदकं पहिल्यापेक्षाही लांबून वळली.”

“हं…”

“बाबा, आता चिडवू नका. बापाची खुंटी जाते माझी. मी कायच्यात कमी पडलो? ही हाक मी कोनाच्या तोंडून नाही शिकलो. थेट बदकांपासून शिकलो. डोंगा वल्हवत हिवाळाभर त्यांच्या मागं फिरलो. हा थवा उठला की त्या थव्याकडं, तो उठला की पुढच्या. एकेक सूर कानात साठवला. त्यात तिळभर खोट दाखवा!”

“खोट नाही,” डोमाबुवा म्हणाले. “तिळभर नाही.”

“मंग?”

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. पुनाजीला आधी कळेना. मग त्यानं कमरेची शिसवाची पुंगी काढून त्या हातावर ठेवली.

“उद्या पहाटे थाऱ्यात जा. डोंगा नको, चालत जा. छातीभर पान्यात बस. डोक्यावर देवधानाची पेंढी ठेव.”

“अन् वाजवू काय? पुंगी तं तुमी ठेवून घेतली.”

“काही नको वाजवू.”

“मंग करू काय?”

“बस.”

“कुठवर?”

डोमाबुवांनी पुन्हा काडी तासायला घेतली.

पुनाजी चिडला. दिवस उरले किती, अन् हा म्हातारा सांगतो बस! पण दुसरा गुरू गावात नव्हता. गेला. छातीभर पाण्यात, डोक्यावर रानटी भाताची पेंढी घेऊन बसला. थंडीनं दात वाजत होते, म्हणजे वाजवायला तेवढंच राहिलं होतं. जळवा पोटऱ्यांना लागल्या. एकही बदक आलं नाही.

सुकराम डोंग्यातून जाताना थांबला. “अगं बाई! हा तं तपाला बसला. पुनाजीबुवा, पावलं का कोनी?”

पुनाजी बोलला नाही. बोलला असता तर उठला असता, अन् उठला असता तर परत बसलाच नसता.

दुसऱ्या दिवशीही तसंच. बदकं लांब, पाण्याच्या मध्यावर. त्यांना ठाऊक होतं, लव्हाळ्यात काहीतरी आहे.

मग एका पहाटे धुकं उतरलं. पुनाजीचं अंग बधिर झालं होतं. राग करायचाही त्याला कंटाळा आला होता. खुंटी नाही, सुकराम नाही, फेटा नाही, मनात काहीच येईना. तो नुसता बसला होता, लव्हाळं उभं असतं तसा.

अन् बदकं आली.

आधी एक मादी. पाण्यावर हलकेच टेकली, शेपूट हलवली, अन् चरत चरत सरळ त्याच्याकडं. मागून दोन, मग दहा, मग मोजायला कोण बसलंय! एकीनं तर त्याच्या डोक्यावरच्या पेंढीतले दाणे टिपले. तिची चोच त्याच्या कपाळाला लागली.

पुनाजीनं श्वास धरला.

ती बोलत होती. हो, बोलत होती! पण केवढ्या आवाजात? चुलीवर भात शिजत आला की झाकण हलतं ना, तेवढ्या. कुर्र… कुर्र… मध्येच थांबायची. दुसरी तेवढंच म्हणायची. घरात माणसं जेवायला बसली अन् कोणाला कशाची घाई नसली म्हणजे जसं बोलणं चालतं, तसं.

एवढ्या हिवाळ्यांत पुनाजीनं हे कधी ऐकलं नव्हतं. तलावाचंच पोर तो, अन् हे कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात लव्हाळ्यापलीकडं खट्ट वाजलं. सुकरामचा बांबू डोंग्याच्या काठाला लागला होता.

सारा थवा एका क्षणात उठला. अन् उठता उठता पुनाजीच्या डोक्यावर एक हाक घुमली. खणखणीत, गोड, मोठी. सूर न् सूर ओळखीचा. जिच्यासाठी जत्रेनं फेटा बांधला होता, तीच. तिळभर खोट नव्हती.

पुनाजी पाण्यात तसाच उभा राहिला. पेंढी डोक्यावरून गळून पडली. मग त्याला हसू फुटलं. इतकं फुटलं की सुकराम घाबरला.

“थंडी डोक्यात गेली याच्या,” तो म्हणाला अन् डोंगा लांब नेला.

पुनाजी ओल्या अंगानं धावत पाळीवर आला.

“बाबा! मी डोंगा घेऊन मागं फिरलो… हिवाळाभर… बाबा, मी जे ऐकलं ते सारं त्यांचं उठतानाचं!”

डोमाबुवांनी त्याच्या अंगावर आपली घोंगडी टाकली. पोटरीवरची जळू चुना लावून काढली. टोपली पुढं सरकवली.

पुनाजीनं शिंगाच्या पुंगीला हात लावला नाही. चिंचेच्या नाही, बांबूच्या नाही. बोरूची उचलली. ओठाला लावून, पोटातून अगदी थोडा श्वास सोडला.

कुर्र…

अंगणातली पाळलेली बदकं चरता चरता थांबली. एकीनं मान वाकडी केली. मग डुलत डुलत पाळ चढून आली अन् पुनाजीच्या पायाशी बसली.

डोमाबुवा तिला म्हणाले, “ये बाई.”

शिवरात्रीला दोन दिवस राहिले तेव्हा सारं गाव पाळीवर उभं होतं. रिवाजच होता तसा, शेवटच्या दिवसांत चार माणसांनी डोळ्यांनी पाहायचं. सुकरामच्या खांद्यावर खुंटी होती. माय एका बाजूला पदर तोंडात धरून उभी होती. बापाचं जाळं पाण्याखाली पसरलेलं होतं.

सूर्य टेकडीवर आला, अन् थवा आला. थाऱ्यावर एक घिरटी घेतली.

“वाजव नं गा!” पाळीवरून कोणीतरी ओरडलं. “चालले नं ते!”

लव्हाळ्यातून आवाज नाही.

दुसरी घिरटी. थव्यानं शेपट्या फिरवल्या, अन् तो लांब जायला निघाला. तेव्हा कुठं पुनाजीनं फुंकर घातली. पाळीवर ती कोणाला ऐकूसुद्धा आली नाही.

“झोपला वाटते,” सुकराम म्हणाला.

थवा वळला.

वळला अन् खाली आला. पुनाजीची बोटं पुंगीवर शिवशिवत होती. अजून एकदा वाजवावं, एकदाच, पक्कं करावं… त्यानं पुंगी तोंडातून काढली अन् पाण्यात सोडून दिली.

बदकं उतरली. पाय पुढं करून, पाणी उडवत, एकामागं एक, थारा काळा होईपर्यंत उतरली.

मग पुनाजीनं दोरी ओढली.

काय ती ओरड उठली पाळीवर! म्हातारे नाचले. बाया हसत होत्या, अन् माय हसत होती का रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. जाळं ओढायला हात कमी पडले म्हणून गडी कपड्यांनिशी पाण्यात शिरले. त्यांच्यात सगळ्यांत पुढं सुकराम होता.

त्यानंच पुनाजीला खांद्यावर घेतलं. वाटेत म्हणाला, “लय जड झाला गा तू.”

सांजच्याला चुली पेटल्या, तेव्हा सुकराम आपली नवी खुंटी घेऊन पुनाजीच्या दारात आला अन् त्याच्या मायसमोर टाकली.

“घे काकी, याच्यावर रस्सा शिजव. बाभूळ हाये, चांगली जळंल.”

शिवरात्र आली. त्या दिवसापासून तलावात जाळं पडत नसे. निघालेल्या पाहुण्याला धरायचं नाही, हाही रिवाजच.

दिवस मावळायला पुनाजी पाळीवर गेला. डोमाबुवा तिथंच बसले होते. त्यांनी पदराआडून काढावी तशी घोंगडीतून एक वस्तू काढली अन् त्याच्या हातात दिली. शिसवाची पुंगी, पितळेच्या कड्याची.

पुनाजीला लाज वाटली. त्यानं पुंगी मुठीत घट्ट धरली, अन् लांब पाण्यात फेकायला हात मागं नेला.

म्हाताऱ्यानं मनगट धरलं.

“कायले फेकतो?”

“हिच्यापायी बापाची खुंटी जात होती, बाबा. ही हाक माझ्या तोंडी आता नको.”

डोमाबुवांनी मनगट सोडलं नाही. हनुवटीनं नुसतं तलावाकडं दाखवलं.

पाण्याच्या मध्यावर उरलेली सगळी बदकं एकत्र आली होती. चरत नव्हती. साऱ्यांची तोंडं उत्तरेकडं. माना वर होत, खाली होत. पंख उघडत, मिटत. ‘उठा’ असं कोणीतरी आधी म्हणावं म्हणून जो तो दुसऱ्याकडं पाहत होता…

पुनाजी पाहत राहिला. त्याचा हात हळूहळू खाली आला.

“बाबा…”

डोमाबुवांनी मनगट सोडलं.

“आता वाजव.”