आडदऱ्याची बाहेर उघडणारी दारं

आडदऱ्यात कुणाच्या दारावर थाप मारलीत, तर लगेच दोन पावलं मागे सरा. इथली सगळी दारं बाहेर उघडतात. एखाद्या पाहुण्याचं नाक फुटल्याशिवाय गावची जत्रा पार पडत नाही, असं सांगतात. त्यातलं निम्मं तरी खरं धरा.

ही रीत गोंदा सुतारापासूनची. त्याने सहा महिने खपून आपल्या घराला सागवानी दार केलं होतं. दोन्ही फळ्यांवर मोर कोरलेले. दार इतकं जड, की बसवलं तेव्हा घर एका अंगाला कलंडलं म्हणे. "हत्तीनं धडक दिली तरी उघडायचं नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. त्याची बायको धुरपदा चुलीपाशी बसून विचारी, "आन् माणसानं दिली तर?"

एका सकाळी तो अंगणात रंधा मारत होता. धुरपदा दार लोटून आत भाकरी थापत होती. जमिनीखालून जात्यासारखी घरघर आली आणि रंधा आपोआप मागेपुढे धावू लागला. गोंदाला वाटलं, आज हात बसला! तेवढ्यात घराची दगडमातीची मधली भिंत ढासळली. दार आत उघडणारं, आणि आतून त्याला दगडांचा ढीग टेकलेला. खिडकी म्हणाल तर हात जाईल एवढी. चुलीवर वासे कोसळले, फटीतून धूर येऊ लागला.

जमलेले लोक म्हणाले, "धरणीनं कूस बदलली, आता निजली. दगड सावकाश उपसू." गोंदालाही ते पटू लागलं, कारण हातात कुऱ्हाड होती आणि समोर मोर होते.

आतून धुरपदा खोकत ओरडली, "अवो, आणा की आता तुमचा हत्ती!"

पहिला घाव मोराच्या मानेवर बसला. मोर किंचाळला म्हणे. गोंदा पुढे सांगायचा, किंचाळलो तो मीच. वरच्या अंगाला भगदाड पाडून त्याने तिला ओढून काढलं. दोघं मोकळ्या शेतात पोचतात न पोचतात, तोच धरणी पुन्हा हलली आणि चौकटीसकट सगळं घर बसलं.

नंतर दहा दिवस धक्के बसत राहिले. गाव शेतातच जेवलं, निजलं. तिथेच गोंदाने मातीला हात लावून शपथ घेतली, की यापुढे माझ्या हातचं दार बाहेरच उघडेल, आणि कुऱ्हाड घालताना हात अडेल असं त्यावर काही नसेल.

आजही आडदऱ्यात नवी नवरी उंबऱ्याशी आली की थाप मारते. आतून सासू विचारते, "हत्ती की माणूस?"

"माणूस," म्हणत नवरी दोन पावलं मागे सरते, आणि दार उघडतं.