पिवळी पाटी

आंबेदऱ्याच्या पंचायतीत एक भोळा ऑपरेटर होता. नाव तुळशीराम. सांगितलं तेवढंच करायचा, पण तेवढं चुकवायचा नाही.

रविवारच्या सुट्टीत पंचायतीचा संगणक आपला आपणच अपडेट झाला. त्या कचेरीत कुणी मागे न लागता झालेलं हे पहिलंच काम. सोमवारी दाखल्यांचा प्रोग्राम उघडला, तर पिवळी पाटी: 'सावधान. हा प्रोग्राम जुना आहे.' तुळशीराम सावध होऊन बसून राहिला.

समोर ठकूबाई. तिचा हयातीचा दाखला आज तालुक्याला गेला नाही, तर निराधारचा पगार बंद होणार होता.

ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगमध्ये. फोनवर म्हणाले, "पाटी वाचत बसू नये रे. 'ठीक आहे' म्हणायचं, पुढं जायचं."

प्रोग्राम उघडला. मग तुळशीराम सहीसाठी सरपंचांच्या घरी गेला. फाटकावर पिवळी पाटी: 'सावधान. कुत्रा चावतो.'

"ठीक आहे," तुळशीराम म्हणाला आणि पुढं गेला.

सही कागदावर मिळाली, शिक्का पोटरीवर.

लंगडत परत आला, तर प्रोग्राम अडकलेला. पुन्हा फोन.

"अडकलं की बंद करायचं, दहा मोजायचे, परत सुरू करायचं," भाऊसाहेब म्हणाले.

तेवढ्यात ठकूबाईच्या घशात बिस्कीट अडकलं. तुळशीरामनं तिचं तोंड बंद केलं आणि मोजायला लागला. म्हातारीला दोनच दात. दोन्ही कामाला आले.

बोट चोखत त्यानं संगणक बंद करून सुरू केला. पाटी पुन्हा हजर.

भाऊसाहेब वैतागले. "जुनं काहीतरी राहिलंय त्यात. जुनं असेल ते काढून टाक, पाटी येणार नाही. आणि आता फोन करू नकोस."

तुळशीरामनं हयातीच्या दाखल्यांची यादी उघडली. सगळ्यांत जुनी ठकूबाई. तिला काढलं. मग बाकीचे म्हातारे. दर वेळी पाटी विचारायची, 'कारण मयत. नक्की?'

"ठीक आहे," तो म्हणायचा आणि पुढं जायचा.

यादी रिकामी झाली. तालुक्याहून लगेच निरोप आला: 'आंबेदरा. एकही काम प्रलंबित नाही. अभिनंदन.'

"झालं का रे लेकरा?" ठकूबाईनं विचारलं.

"झालं, आजी. तू मयत."

"मेल्या, मी इथं बसलेय की."

तुळशीरामनं तिच्याकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं. यादी सरकारी होती.

"घाबरू नको आजी. बंद झालीयेस फक्त. दहा मोजतो, मग सुरू करू."

ठकूबाईनं काठी उचलली.

"मोज," ती म्हणाली.