आप्पांचं घोंगडं

“मग औषध कुठलं घालू, आप्पा?”

आप्पा म्हणजे सिदाप्पा सणगर. घोंगडी विणायला मला त्यांनीच शिकवलं. हात कापायला लागले तेव्हा त्यांनी माग मोडला आणि हातचं शेवटचं घोंगडं मला दिलं. चौघं शिकलो होतो. मिळालं मला.

ते मी अंगावर घेतलं नाही. देवघरात चौरंगावर घडी करून ठेवलं. रोज ताजा झेंडू वाहिला. लांबून माणसं बघायला यायची. त्यांना दाखवता दाखवता माझंच मागावर बसणं सुटलं.

दोन वर्षांनी घडीला कसर, लोकर खाणारी कीड, लागली. आप्पांच्या हातचं दुसरं घोंगडं आता होणार नव्हतं. म्हणून आप्पांना बोलावलं.

डांबरगोळ्या झाल्या, कडुलिंबाचा पाला झाला, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी घडी उलगडली. आत केसाळ, तपकिरी अळ्या. त्यांच्या वाळक्या काती. चार ठिकाणी भोकं.

“ही पोरं झाली. आईबाप कुठं आहेत?”

“माहीत नाही.”

आप्पांनी वरचं झेंडूचं फूल उचललं आणि तळहातावर झटकलं. तिळाएवढा ठिपक्यांचा किडा पडला. त्या कापऱ्या हातावर तो चालू लागला.

“हा फुलावर जगतो. अंडी तेवढी लोकरीत घालतो… फुलं कोण आणतं?”

“मीच. रोज.”

“मी मेलो असं कुणी सांगितलं तुला?”

मी त्यांच्या हातातलं फूल काढून घेतलं.

घोंगडं त्यांनी अंगणात दोरीवर टाकायला लावलं. काठीनं झोडायला लावलं. चौरंगाखालची धूळ, कोपऱ्यातला केसांचा गुंता, सगळं झाडून बाहेर जाळायला लावलं. दिवसभर उन्हात ते घोंगडं तापलं आणि विणताना धाग्याला लावतात त्या चिंचोक्याच्या खळीचा वास सुटला. त्यांच्या मागाजवळ यायचा तोच.

आता माझेही हात कापतात. तो वास अजून येतो.

दिवस कलला. आप्पा माझ्या मागाशी गेले. फणीवर बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ती बघत राहिले…

मी मागून म्हणालो, “यापुढं रोज ऊन देईन. जन्मभर जपेन.”

त्यांनी दोरीवरचं घोंगडं ओढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं.

“वापरून फाड ते. फाटल्यावर विणायला बसशील.”