सात जणांची गाडी

एकदा एका आचाऱ्याला गाडी घ्यायची हुक्की आली. बाळगोंडा त्याचं नाव. लग्नाच्या जेवणाचा त्याचा अंदाज असा, की पत्रिका किती वाटल्या हे तो विचारायचाच नाही. नवरीच्या बापाचं गावात कुणाकुणाशी वाकडं आहे, एवढं विचारायचा आणि तांदूळ काढायचा. पंगत उठली की पातेल्यात भात उरायचा तो कावळ्यापुरता.

पण गाडीपायी त्याचं डोकं फिरलं. घरात माणसं दोन, तो आणि बायको सुमन, आणि गाडी हवी सात जणांची! का, तर दिवाळीला लेक-सून-नातू येतील, सुरतेहून मुलगी-जावई येतील, सगळी एका गाडीत बसतील. दोन दिवाळ्या झाल्या, कुणी फिरकलं नव्हतं. दारात मोठी गाडी दिसली की येतील, असं त्यानं मनाशी धरलेलं. महिन्याचा हप्ता ऐकून सुमनच्या हातातला चहा निवला, तरी हा पठ्ठ्या तिला आणि पेढे घेऊन आक्काच्या पाया पडायला निघाला.

आक्का म्हणजे त्याची गुरू. झारा कसा धरायचा इथपासून सगळं तिनंच शिकवलेलं. तोंडात दात मोजके, पण जीभ शाबूत.

गाडीचा सगळा बेत ऐकून घेऊन, पेढा तोंडात टाकून आक्का म्हणाली, "ब्येस झालं. आता चूल पेटीव. सात माणसांचा सैपाक कर."

"सात? कोन येनार हाय?"

"तुला काय करायचंय? शिष्य हैस का पोलीस?"

बिचाऱ्यानं भात रांधला, पिठलं घोटलं, सुमननं भाकऱ्या थापल्या. आक्कानं सात पाट मांडले, सातही ताटं वाढायला लावली आणि नवरा-बायकोला म्हणाली, "बसा."

"तुमी, आक्का?"

"माझा उपास."

"आन् मगाचा पेढा?"

"पेढा चालतो की उपासाला."

दोघं बसली. शेजारी पाच ताटं वाफा सोडत पडलेली. वाफा विरल्या, पिठल्यावर साय धरली. बाळगोंडाला घास जाईना. "आक्का, अन्न वाया चाललंय वो!"

"जाऊंदे. खानारी दिवाळीला येतील."

"दिवाळीला? मग आज कशाला वाढायचं?"

आक्का अशी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "मेल्या, परक्याच्या लग्नात मापानं शिजवतोस आन् सोताच्या दारात गाडी घेताना माप इसरलास? रिकाम्या शिटांचंबी वझं वरीसभर तूच वडनार. डिझेल तुझं, टायर तुझं, इमा तुझा. दोघांपुरती घे. जुनी घे, पर आदी मेस्त्रीला दाखीव. पोरं आली की चार दिस भाड्यानं मोठी आन आन् मिरव की गावभर!"

बाळगोंडाचं लक्ष सुमनकडं होतं. तिनं पाचातलं एक ताट हळूच जवळ ओढलं होतं आणि त्यातली मिरची काढून बाजूला ठेवत होती. नातवाला तिखट सोसत नसे.

बाळगोंडानं हातातला घास खाली ठेवला. "आक्का, लहान गाडी बघून यायची न्हाईत वो ती."

आक्काचं हसू थांबलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गाडी बघून कोन येतंय, लेकरा? आन् ती येत न्हाईत तर तू जा की. रस्ता काय एकाच बाजूनं चालतोय व्हय?"

"आसं न बोलवता कसं जायाचं?"

तेव्हा सुमन पहिल्यांदा बोलली. मान खालीच होती. "सुरतेची दर उन्हाळ्यात बोलीवती. तुमालाच लगीनसराई आसती."

बाळगोंडानं जेवण संपवलं आणि पाचही ताटं शेजारीपाजारी पोचवून आला.

पुढं त्यानं जुनी, लहानशीच गाडी घेतली. वैशाखातल्या भर मुहूर्ताची सुपारी घेऊन माणूस दारात आला, तर त्यानं हात जोडले. "दुसरा आचारी बघा, पाव्हणं. आमी दोघं लेकीकडं निघालोय."